मोटारीची गवसणी

‘परेड बूट’ हा शब्द आमच्या शिंदे की छावनीत उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पहिल्याने काय येईल ते सांगावयास नको. ज्या वस्तीचे नावच छावणी, जिथल्या कित्येक घरांतून आजोबा-पणजोबांच्या फौजेतल्या नोकरीच्या सनदा अजून ट्रंकेत सापडतात, तिथे परेडचा बूट म्हणजे खिळे ठोकलेला, आरशासारखा चमकणारा शिपायाचा जोडाच. पण मोटारींच्या शौकिनांच्या भाषेत याच शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे. उघड्या मोटारीचा कापडी टप मागे मिटून ठेवला म्हणजे त्याच्या कमानी, काड्या आणि घड्या यांचा जो पसारा मागच्या बैठकीपाठी गोळा होतो, तो झाकणारे आवरण म्हणजे अमेरिकनांचा ‘बूट’. ते आवरण कापडाचे वा रेक्झिनचे नसून पत्र्याचे किंवा काचतंतूचे, म्हणजे फायबरग्लासचे, कडक झाकण असेल, तर तो ‘परेड बूट’. इंग्रज ज्याला बूट म्हणतो ती आपली डिकी. तेव्हा एकाच शब्दाने तीन देशांत तीन वस्तू दाखवाव्यात, अशी ही मौज आहे.

मराठीत याला काय म्हणावे? गाण्याच्या घरात वाढलेल्या माणसाला शब्द शोधण्यास दूर जावे लागत नाही. तंबोऱ्याला आपण जी कापडाची, आत कापूस भरलेली खोळ घालतो, तिला गवसणी म्हणतात. टपाचे आवरण ही मोटारीची गवसणीच. आणि प्रवासात तंबोरा फुटू नये म्हणून हल्ली जी कडक पेटी वापरतात, तिचे काम या कडक झाकणाकडे. मऊ गवसणी आणि कडक पेटी यांतला फरक ज्याला ठाऊक आहे, त्याला या विषयातले निम्मे मर्म आधीच कळलेले असते. मऊ गवसणी वाद्य थोडे लहानमोठे असले तरी सांभाळून घेते. कडक पेटी मात्र त्याच वाद्याच्या मापाची लागते. ती बोटभर सैल झाली तर भोपळा आत आपटतो, आणि बोटभर घट्ट झाली तर झाकण मिटताना गळ्यावर ताण येतो.

टपाचे घराणे

मिटणारा टप मोटारीबरोबर जन्मला नाही, तो घोडागाडीकडून आला. जर्मनीतल्या लांडाऊ गावाच्या नावाने ओळखली जाणारी लँडो गाडी अठराव्या शतकापासून प्रसिद्ध आहे. तिचे टप दोन. एक पुढून मिटे, एक मागून. स्वारी निघाली की दोन्ही पाडावयाचे, म्हणजे आत बसलेल्याचे दर्शन चारी बाजूंनी घडे. पाऊस आला की दोन्ही उचलून मध्ये जोडावयाचे. आमच्या लष्करात जयविलास राजवाड्याच्या संग्रहालयात, जे १९६४ पासून लोकांसाठी खुले आहे, जुन्या बग्ग्या आणि पालख्या पाहावयास मिळतात. बग्गीकडे पाहताना लोक चांदीच्या कामाकडे पाहतात आणि पुढे सरकतात. परंतु ज्याला टपाचे काम समजून घ्यावयाचे आहे त्याने तिची मागची बाजू पाहावी. मिटलेला टप ही बग्गीची झाकून ठेवण्याची अडचण नव्हती, तिच्या शोभेचाच तो भाग होता. चामडे पेलणाऱ्या लोखंडी दांड्यांना सुबक वळण दिलेले असे, आणि घडी पडली तरी ती नीटस पडे.

मोटार आली तेव्हा तिने बग्गीचा टप जसाच्या तसा उचलला. मोटारीच्या नादात ग्वाल्हेर काही मागे नव्हते. १९०८ साली मुंबईहून कोल्हापूरपर्यंत घाट चढत-उतरत मोटारींची कसोटी झाली. तीत नाव मिळवलेली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स रॉइस पुढे माधवराव महाराज शिंद्यांनी घेतली. मोटारींच्या इतिहासात रस असणारे जगभरचे लोक या गाडीचे नाव घेतात, आणि तिच्या कथेत मुंबई, कोल्हापूर व ग्वाल्हेर ही तिन्ही मराठी माणसाची गावे यावीत, हे आपल्याला सुखावणारेच आहे.

पुढे वेग वाढला, तशी टपाची अडचणही वाढली. बग्गीच्या चालीला जो टप शोभे, तो तासाला पन्नास मैलांनी धावणाऱ्या गाडीत फडफडू लागला. मिटलेल्या घड्यांत वारा शिरे, धूळ साचे, कमानी एकमेकींवर खडखडत. जर्मन कारागिरांनी टप जाड केला. कापडाचे थर, मध्ये भरण, आतून अस्तर. उचललेला असताना तो बंद गाडीइतका उबदार होई, पण मिटला की मागे उशांचा ढीग रचल्यासारखा उंच राही. इंग्रजांनी टप पातळ ठेवला आणि घडी बसण्यासाठी बैठकीमागे खोबण केली. दोघांनीही वरून कापडी खोळ घातली, आणि टिचबटणांनी किंवा पट्ट्यांनी ती आवळली. उघड्या गाडीची शान मागून पाहिली जाते, हे दोघांनाही ठाऊक होते. मिरवणुकीत गाडी पुढे निघून जाते आणि रस्त्याच्या कडेला उभा असलेला माणूस बराच वेळ तिची पाठच पाहत राहतो.

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला ज्यांनी हजेरी लावली असेल त्यांना हे निराळे सांगावे लागू नये. छत्रपती घराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली जुनी मेबॅक मोटार त्या दिवशी दसरा चौकाकडे निघते. मेबॅक म्हणजे मूळची झेपेलिन विमानांची इंजिने करणारी जर्मन कंपनी. तिने १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत मोजक्याच मोटारी केल्या. त्यातली एक सीमोल्लंघनाला अजून चालते आणि लोक तिला घरच्या माणसासारखे ओळखतात. आमच्याकडे दसऱ्याला गोरखीच्या देवघरात पूजा होते, संध्याकाळी मांढरे की मातेच्या पायथ्याशी शमीपूजन होते, आणि तलवारीचा स्पर्श झाला की सोने लुटावयास गर्दी उसळते. हत्ती गेले, घोडे कमी झाले, पण स्वारी उघडी असावी, तीत बसलेले माणूस लोकांना दिसावे, ही अपेक्षा गेलेली नाही.

अमेरिकेचे कडक झाकण

कडक झाकणाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अमेरिकेत, आणि तीही अक्षरशः परेडमध्ये. २० जानेवारी १९५३ रोजी आयसेनहॉवर यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. त्या दिवशीच्या मिरवणुकीत ते ज्या मोटारीत उभे राहिले ती कॅडिलॅकची नवी एल्डोराडो होती. त्या वर्षी अशा अवघ्या ५३२ गाड्या झाल्या आणि किंमत होती ७,७५० डॉलर. तिच्यात एक नवी गोष्ट होती. टप मिटला की तो अंगाच्या रेषेबरोबर बसणाऱ्या धातूच्या झाकणाखाली पूर्ण नाहीसा होई. घडी नाही, बटणे नाहीत, सुरकुती नाही. बाजूने पाहिले तर गाडीला टप होता याची खूणही उरत नसे. त्याच वर्षी शेव्हरोलेची कॉर्व्हेट निघाली. तिचे सारे अंग फायबरग्लासचे, आणि टप झाकणारे बिजागरीचे झाकणही कडकच.

१९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलने आणखी पुढची पायरी गाठली. डिकीचे दार मागच्या बाजूला बिजागरी लावून उघडे, टप स्वतःच त्याखाली जाऊन निजे, आणि दार पुन्हा मिटे. वेगळ्या बुटाची गरजच उरली नाही. याच जातीची, लांबवलेली एक गाडी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्यासाठी होती. तिच्यावर बसवण्यासाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा सुटा टपही होता. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये पाऊस थांबून ऊन पडले, म्हणून तो लावला नाही. तो टप गोळी अडवणारा नव्हताच. परंतु त्या दिवसानंतर उघड्या मोटारीतून मिरवणे ही निव्वळ आनंदाची गोष्ट राहिली नाही. मोठ्या माणसांच्या गाड्या बंद होत गेल्या, आणि उघडी गाडी शौकिनांच्या, लग्नांच्या आणि जुन्या गाड्यांच्या संचलनांच्या वाट्याला आली.

सर्वसामान्य अमेरिकन गाड्यांना कारखान्यातून येई ते रेक्झिनचे मऊ आवरण. इम्पालासारख्या ज्या लांबलचक गाड्या आपल्या देशात सिनेमातल्या नायकांनी आणि संस्थानिकांनी मिरवल्या, त्यांचेही तसेच. हे आवरण वर्षानुवर्षे उन्हात आकसते. मग चार माणसांनी ओढले तरी शेवटचे बटण आपल्या जागी पोचत नाही. ओढून लावले तर बटणाशी फाटते. म्हणून हौशी मंडळी कडक झाकण मिळवू लागली. ते बहुधा दोन किंवा तीन तुकड्यांत असते. कारण उघड आहे. एकसंध झाकण काढल्यावर ठेवावयाचे कोठे? तुकडे असले की एकावर एक रचून डिकीत मावतात.

छावनीतले एक काम

अशा एका झाकणाचे काम आमच्या छावनीत प्रस्तुत लेखकाला आरंभापासून शेवटपर्यंत पाहावयास मिळाले. एका जुन्या मराठी घराण्यात मी त्यांच्या नातीला गाणे शिकवण्यास जातो. त्यांच्या आवारात, पूर्वी जिथे घोडे बांधीत त्या पागेत, १९६० नंतरच्या दशकातली एक उघडी इम्पाला आहे. घरच्या माईसाहेब आता ऐंशीच्या घरात आहेत. त्या लग्न होऊन या घरात आल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला, डोक्यावरचा पदर एका हाताने धरून, याच गाडीतून शमीपूजनाला गेल्या होत्या. मधली कित्येक वर्षे गाडी पागेतच होती. पुण्याला यंत्रविद्या शिकलेल्या नातवाने तिचे इंजिन जागे केले, रंग केला, बैठका केल्या. राहिले ते टपाचे आवरण. मूळचे आकसून चिंध्या झालेले होते. यंदाच्या दसऱ्याला आजीला तीत बसवावयाचे, असा त्याचा संकल्प होता, आणि मागे उघड्या काड्या दिसत असताना ते शोभले नसते.

नातवाने परदेशातल्या नमुन्यांवरून आराखडा काढला. फायबरग्लासचे तीन तुकड्यांचे झाकण. आणि ते बसवण्यासाठी मागच्या पत्र्यात, चकचकीत पट्टीच्या खाली, चौदा भोके पाडून त्यांत पेच. कागदावर काम चोख होते. भोके पाडणारा यंत्र घेऊन येणार, त्याच्या आदल्या दिवशी गाद्या शिवणाऱ्या वृद्ध कारागिराला अस्तराचे माप घेण्यासाठी बोलावले. हे गृहस्थ मूळचे तांग्यांचे टप शिवणारे. लष्करातले तांगे कमी झाले, तसे मोटारींच्या बैठकांकडे वळले. त्यांनी आराखडा पाहिला, गाडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि एवढेच म्हणाले, “छेद मत कीजिए, भैया. इसमें पहले से हैं।”

नातवाला हे पटले नाही. गाडी त्याने स्वतः घासून रंगवून घेतली होती, कोठे भोक दिसले नव्हते. कारागिराने नखाने टिचक्या मारीत पट्टीखालून हात नेला. ठराविक अंतरावर आवाज बदलत होता. पत्रा जिथे नुसता होता तिथे तो खणखणे. जिथे जुन्या टिचबटणाचे बूड पुट्टीखाली दडले होते तिथे मुका होई. तबल्याचा गजरा हातोडीने ठोकीत मिळवताना घरानुघर जसा कान लावतात, तसाच हा प्रकार होता. एक जागा खरवडली, तर खरेच आत मूळचे पितळी बूड निघाले. कोण्या रंगाऱ्याने कधी काळी बटणे उपटून वर पुट्टी भरली होती. हळूहळू सारी बुडे सापडली. एक-दोन झिजली होती, बाकी शाबूत.

तरीही नातू अडून होता. टिचबटणे मऊ आवरणासाठी असतात, कडक झाकणाचे वजन ती धरणार नाहीत, असे त्याचे म्हणणे. आणि ते खोटे नव्हते. शेवटी गोष्ट माईसाहेबांपर्यंत गेली. त्या पागेत खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “अरे, भोकं पाडायची तर तुझ्या नव्या गाडीला पाड. हिनं इतकी वर्षं आपलं अंग जपलं आहे. मला मागं काड्या दिसल्या तरी चालतील, पण हिला टोचू नको.” मग माझ्याकडे वळून, “काय हो मास्तर, तंबोऱ्याला गवसणी शिवताना कुणी भोपळ्याला खिळे मारतं का?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि नातवापाशीही नव्हते.

झाकण कसे बसते

मग जो मार्ग निघाला तो सांगण्याजोगा आहे, कारण असे काम ज्यांच्या घरी निघेल त्यांना तो उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, टपाची घडी. झाकणाचे माप घडीवरून घ्यावयाचे, तेव्हा घडीच चुकली तर पुढचे सारे चुकते. टप आधी स्वच्छ केला आणि पूर्ण वाळवला. ओला टप मिटून वर झाकण घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण. पुढच्या काचेच्या चौकटीवरच्या कड्या सोडल्या. मागची प्लॅस्टिकची खिडकी मोकळी करून, मध्ये जुना मऊ पंचा घालून सपाट निजवली, म्हणजे तिला मोड पडत नाही आणि ओरखडे उठत नाहीत. मग टप सावकाश खाली आणला. या गाडीत तो तेलाच्या दाबाने चालणाऱ्या दोन दट्ट्यांनी हलतो. कमानींच्या मध्ये कापड चिमटले जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभा राहिला आणि कापड बोटांनी आत सारीत गेला. घडी पुरती बसली तेव्हा ती पूर्वीपेक्षा दोन बोटे खाली आली. तेवढ्यानेच झाकणाचा उंचवटा कमी झाला.

दुसरी गोष्ट, साचा. घडीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरला, त्यावर गोणपाट आणि प्लॅस्टर घालून पाठीचा आकार घेतला. तो घासून गुळगुळीत केला, मेण लावले, आणि त्यावर काचतंतूचे कापड व राळेचे थर एकावर एक चढवले. इथे एक तुकडा वाया गेला. साच्यावरून तो वेळेआधी उचलून अंगणात ठेवला, आणि आपल्याकडच्या उन्हात त्याने पाठ वाकवली. राळ पुरती वाळेपर्यंत तुकडा साच्यावरच राहिला पाहिजे, हे त्या एका तुकड्याने साऱ्यांना शिकवले. ग्वाल्हेरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पार जातो. काळ्या रंगाचे झाकण त्यात पोळते. म्हणून रंग गाडीच्या अंगाचाच, फिका पिवळसर, ठरला. उन्हाने पत्रा आणि फायबरग्लास सारखे फुगत नाहीत, यासाठी तुकड्यांच्या सांध्यांत कार्डाच्या जाडीएवढी फट ठेवून वर पट्टी बसवली.

तिसरी गोष्ट, धरण. कडक झाकणाचे वजन टिचबटणांवर द्यावयाचेच नाही, हा कारागिराचा तोडगा. वजन घडीच्या दोन्ही बाजूंना, बैठकीमागच्या लाकडी पट्टीवर आणि घडीच्या कमानींवर ठेवलेल्या नमद्याच्या उश्यांवर आले. बटणांनी फक्त झाकण सरकू द्यावयाचे नाही. त्यासाठी झाकणाच्या कडेला आतून कातड्याच्या लहान जिभा लावल्या आणि त्या जिभांना बटणांचे वरचे भाग. झाकण कडक, पण त्याचा हात मऊ. तांग्याचा टप याच रीतीने धरलेला असतो, हे त्यांनी नंतर सांगितले. खड्ड्यातून चाक गेले की कातडे ताण गिळते, खिळा तसे करीत नाही, तो लाकूड फाडतो.

बसवण्याचा क्रमही ठरून गेला. आधी मधला मागचा तुकडा, त्याची कड चकचकीत पट्टीखाली सारावयाची. मग डावा, मग उजवा. शेवटी पुढची कड बैठकीच्या पाठीला. जिभा आधी सर्व नुसत्या अडकवावयाच्या आणि मग मधून दोन्ही बाजूंना एकेक दाबीत जावयाचे. एका टोकापासून दाबीत गेले की दुसऱ्या टोकाला फट उरते. तंबोऱ्याच्या तारा आपण अशाच एकदम न चढवता सगळ्या थोड्याथोड्या चढवतो. जिथे जिथे झाकण रंगाला टेकणार, तिथे नमद्याची पट्टी. नाहीतर धूळ आणि हादरे मिळून महिन्याभरात रंग खातात.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. झाकण बसलेले असताना चुकून टप उचलण्याचा खटका दाबला गेला, तर दट्टे झाकणाला खालून रेटतात. मग झाकण तरी फुटते, नाहीतर कमान वाकते. यासाठी नातवाने त्या खटक्याची वीज तोडण्याची सोय केली, आणि झाकण लावताना ती आधी तोडावयाची असा नियम घातला. पोराचे शिक्षण इथे कामी आले, हे म्हाताऱ्या कारागिरानेही हसून कबूल केले.

पहिली फेरी छावनीतून फूलबागेपर्यंत, अगदी मंद. मागे नातू बसला, झाकणावर कान ठेवून. उजवीकडे एका खडखडीचा शोध लागला. एक नमद्याची उशी सरकली होती. ती चिकटवली. दुसऱ्या फेरीत महाराज बाड्यापर्यंत गाडी गेली आणि कानाला काही लागले नाही.

टोचलेले आणि न टोचलेले

चौदा भोकांचा एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे एक उत्तर कायद्यात आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून निराळी नोंद करण्याचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. त्यांना निराळ्या मालिकेचे क्रमांक मिळतात. अट अशी की गाडी मूळ रूपात राखलेली असावी, सांगाडा, अंग आणि इंजिन यांत मोठा फेरफार नसावा. अशा नोंदीची गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शने, संचलने यांसाठी मात्र येते. चार भोकांनी नोंद नाकारली जाईल असे मुळीच नाही. पण मूळ रूप म्हणजे काय, याचा विचार सरकारी कागदानेही करावा, इतकी ही गोष्ट आता महत्त्वाची झाली आहे. बडोद्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात २०२३ च्या जानेवारीत जुन्या मोटारींचा मोठा मेळावा भरला. अशा ठिकाणी परीक्षक गाडीची झळाळी पाहतात, पण मूळचे किती राहिले तेही पाहतात.

दुसरे उत्तर कारागिराचे आहे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते. त्यांच्या मते आवरण हे बदलावयाचेच असते. आज कापड, उद्या रेक्झिन, परवा फायबरग्लास. ते जाईल, दुसरे येईल. ज्याच्यावर ते घालावयाचे ते अंग मात्र परत मिळत नाही. म्हणून झाकण काढल्यावर गाडीवर त्याची खूणही राहू नये, एवढेच झाकणाचे काम. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हा गाणाऱ्यांना आनंद झाला. त्या हातांना सरकारदरबारी नाव मिळाले. तांग्याचे टप शिवणाऱ्या हातांना असे काही मिळण्याचा संभव नाही. त्यांच्या मुलांनी दुसरे उद्योग धरले. पुट्टीखाली दडलेले बटण टिचकीने ओळखण्याची विद्या कोठल्या पुस्तकात नाही, आणि ती शिकावयास येणारा कोणी नाही. त्या पंधरा दिवसांत नातवाने त्यांची सारी मापे वहीत उतरून घेतली, जिभा कापतानाचे फोटो काढले. वहीने टिचकी येत नाही हे खरे. पण पुढच्या माणसाला कोठे टिचकी मारावी एवढे तरी ती सांगेल.

दसऱ्याला माईसाहेब गाडीत बसल्या. पदर सावरीत त्यांनी एकदा मागे वळून झाकणावर हात ठेवला आणि कारागिराला म्हणाल्या, “चाचा, हे निघतं ना?” त्यांनी निघते म्हणून सांगितले, तेव्हा त्या समाधानाने पुढे पाहू लागल्या.

हा प्रश्न साऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. झाकण सुंदर बसले म्हणून ते वर्षभर तसेच ठेवून देणारे पुष्कळ असतात. टप महिनोन्महिने मिटलेला राहिला की त्याचे कापड आकसते, आणि पाऊस आला त्या दिवशी तो पुढच्या काचेपर्यंत पोचत नाही. मिरवणूक झाली की झाकण काढून टप उभा करावा, चार दिवस ताणून ठेवावा, मगच गाडी पागेत न्यावी. गवसणीत वर्षे काढलेला तंबोरा ज्यांनी पाहिला आहे, त्याच्या सैल झालेल्या तारा आणि बसलेली जवारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या गावात अशी घरे अजून आहेत, जिथे पागेत किंवा मागच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी, बग्गी किंवा तिचा नुसता टप पडून आहे. रंग आणि इंजिन यांची घाई करण्याआधी तिच्या पाठीवरून एकदा हात फिरवावा. बटणांची बुडे, पट्ट्यांच्या कड्या, खोबणी यांतले काय मूळचे उरले आहे ते पाहावे आणि लिहून ठेवावे. आणि तांग्याचे टप शिवलेला कोणी वृद्ध कारागीर शेजारपाजारी असेल, तर त्याला यंदाच बोलवावे.